ही संख्या त्या क्रमिकेत आहे का? यादी न लिहिता कसं तपासायचं

दहावीच्या बीजगणितात 'अंकगणिती श्रेढी' हा धडा असतो. पुढे भरतीच्या पेपरमध्ये तोच प्रश्न वेष बदलून येतो: अमुक संख्या या मालिकेत येईल का? बरेच जण मालिका पुढे पुढे लिहीत सुटतात. विचारलेली संख्या 50 असेल तर ठीक, 5000 असेल तर वेळ गेलाच म्हणून समजा.

लिहीत बसायची गरज नाही. क्रमिकेतल्या प्रत्येक पदाला एक जागा असते: पहिली, दुसरी, अठरावी. जागेवरून पद काढायचं सूत्र आपल्याकडे असतं. तेच उलटं चालवायचं आणि विचारायचं, ही संख्या कितव्या जागेवर बसते? उत्तर 1, 2, 3 असं पूर्ण आलं तर ती क्रमिकेत आहे. साडेचौदावी जागा नसते, आणि उणे दुसरीही नसते.

समजा, बीडच्या स्टँडवरून अंबाजोगाईची पहिली एसटी सकाळी 5:40 ला सुटते आणि मग दिवसभर दर 35 मिनिटांनी एक. दुपारी सव्वाला गाडी आहे का? मध्यरात्रीपासून मिनिटं मोजा. 5:40 म्हणजे 340, सव्वा म्हणजे 795. फरक 455, त्याला 35 ने भागलं की बरोबर 13. म्हणजे पहिलीनंतरची तेरावी, एकूण चौदावी गाडी. दोन वाजताची? फरक 500, भागल्यावर बाकी 10 उरते, म्हणजे गाडी नाही. आता पहाटे साडेचार घ्या: 270 वजा 340 म्हणजे उणे 70, भागिले 35, उत्तर उणे 2. बाकी शून्य आहे, पण गाडी नाही, कारण तेव्हा पहिलीच सुटलेली नसते. कोड लिहिताना नेमकी हीच अट राहते. बाकी शून्य आली की 'आहे' छापून मोकळे!

भास्कराचार्यांचा गच्छ

ही उलटी चाल जुनी आहे. भास्कराचार्यांनी 1150 साली लिहिलेल्या 'लीलावती'त श्रेढीचं स्वतंत्र प्रकरण आहे. पहिल्या पदाला ते आदि किंवा मुख म्हणतात, दर वेळच्या वाढीला चय आणि पदांच्या संख्येला गच्छ. (त्यांनी आपलं गाव विज्जलविड असं सांगितलंय. ते म्हणजे बीड, असं काही अभ्यासक मानतात. काही जण चाळीसगावजवळच्या पाटणकडे बोट दाखवतात. वाद अजून मिटलेला नाही.)

त्यांचं एक उदाहरण असं: एकाने पहिल्या दिवशी 3 द्रम्म दान दिले, मग रोज 2 वाढवत गेला. एकूण 360 द्रम्म किती दिवसांत दिले? त्यांची रीत अशी: एकूण रकमेला चयाच्या दुपटीने गुणा, म्हणजे 1440. मुखातून अर्धा चय वजा करून वर्ग करा, 4. बेरीज 1444, वर्गमूळ 38. त्यातून मुख वजा करा, अर्धा चय मिळवा, 36. चयाने भागा, 18 दिवस.

आता 360 च्या जागी 361 घालून बघा. वर्गमुळाखाली 1448 येतात, आणि तो पूर्ण वर्ग नाही. म्हणजे कुठल्याच दिवसाअखेर एकूण दान 361 होत नाही. दिवस काढायचं सूत्र इथे चाचणीही झालं.

1, 3, 6, 10, 15 या त्रिकोणी संख्यांना हीच रीत लावली की फार सुटसुटीत नियम मिळतो: संख्येला 8 ने गुणा, 1 मिळवा, पूर्ण वर्ग आला तर संख्या त्रिकोणी. 2016 घ्या: 16129, म्हणजे 127 चा वर्ग. त्यामुळे 2016 ही 63 वी त्रिकोणी संख्या.

पण पूर्ण वर्ग दिसला की थांबू नका. 1, 5, 12, 22 या पंचकोनी संख्यांसाठी 24 ने गुणून 1 मिळवतात. 2 घेतला तर 49 येतात, 7 चा वर्ग. पण जागा काढायला 7 मध्ये 1 मिळवून 6 ने भागावं लागतं, आणि 8 ला 6 ने पूर्ण भाग जात नाही. 2 पंचकोनी नाही. वर्गमुळानंतरचा भागाकारही तपासायलाच लागतो.

मोबाइलवर फसगत कुठे होते

जावास्क्रिप्टमध्ये साध्या पूर्ण संख्या 9007199254740991 पर्यंतच एकूण एक नेमक्या साठवता येतात. त्यापुढे काही संख्या शेजारच्या संख्येत मिसळतात. ब्राउझरमध्ये 10000000000000001 चं वर्गमूळ काढा, उत्तर बरोबर 100000000 येईल. तुम्हाला वाटेल पूर्ण वर्ग सापडला! प्रत्यक्षात शेवटचा 1 वर्गमूळ काढण्याआधीच गळालाय.

म्हणून मोठ्या संख्यांसाठी जावास्क्रिप्टमध्ये बिगइंट वापरा. पायथॉनमध्ये 3.8 पासून पूर्णांकी वर्गमुळासाठी आयएसक्यूआरटी हे फंक्शन आहे. मूळ काढल्यावर त्याचा परत वर्ग करा आणि आधीच्या संख्येशी जुळवा. दशांशात '.0' दिसलं म्हणून विश्वास ठेवायचा नाही.

सूत्रच नसेल तर?

देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर (1905–1986) यांच्या स्वयंभू संख्या घ्या. 15 मध्ये त्याचेच अंक 1 आणि 5 मिळवले की 21 होतात, म्हणून 15 हा 21 चा जनक. ज्या संख्येला असा जनकच नाही, ती स्वयंभू. इथे उलटं चालवायला सोपं सूत्र नाही, पण शोधाची हद्द ठरवता येते. दोन अंकी संख्येच्या अंकांची बेरीज जास्तीत जास्त 18, म्हणून 64 चा जनक असलाच तर 46 ते 63 मध्येच असणार. अठरा संख्या तपासल्या, एकही जुळत नाही, म्हणजे 64 स्वयंभू. तीन अंकी संख्येसाठी मागच्या 27 संख्या तपासा, चार अंकीसाठी 36. फोनला त्याला क्षणही लागत नाही.