संयुक्त कीटकचित्र

संयुक्त कीटकचित्र : कीटकांची स्वतंत्रपणे घेतलेली छायाचित्रे जुळवून तयार केलेले, एकाच वेळी टिपल्यासारखे भासणारे चित्र. त्याचे दोन प्रकार आढळतात. एकात एकाच कीटकाचे निरनिराळे भाग स्पष्ट दाखविणारी छायाचित्रे एकत्र केलेली असतात. दुसऱ्यात वेगवेगळे कीटक किंवा एकाच कीटकाच्या वेगवेगळ्या अवस्था एका दृश्यात आणलेल्या असतात.

दुसऱ्या प्रकाराची कल्पना छायाचित्रणाहून जुनी आहे. मारिया झिबिला मेरियान या चित्रकर्तीने सुरिनाममधील कीटकांवरील आपल्या ग्रंथात (१७०५) अळी, कोष आणि फुलपाखरू एकाच वनस्पतीवर रेखाटले. असे दृश्य निसर्गात एका क्षणी क्वचितच दिसते. पण कीटकाचे संपूर्ण जीवनचक्र वाचकास एका दृष्टिक्षेपात कळते. भारतातील कीटकांविषयीच्या हॅरल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय यांच्या ग्रंथांत (१९०६ व १९०९) हीच परंपरा दिसते.

छायाचित्रणात ऑस्कर रेलँडर यांनी १८५७ मध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह जुळवून एक भव्य चित्र सिद्ध केले. पुढील वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन यांनी पाच निगेटिव्हांपासून मृत्युशय्येवरील मुलीचे चित्र तयार केले. छायाचित्र म्हणजे प्रत्यक्षाची नोंद, असे मानणाऱ्यांना ही फसवणूक वाटली. तो वाद अद्याप मिटलेला नाही.

कीटकांच्या बाबतीत मात्र जुळवणी ही पुष्कळदा हौस नसून गरज असते. प्रतिमा कीटकाच्या मूळ आकाराएवढी घेतली, की स्पष्ट उमटणारी खोली जेमतेम एकदोन मिलिमीटर राहते. डोळे स्पष्ट आले तर पंख धूसर होतात. भिंगाचे छिद्र फार लहान केल्यास प्रकाशाच्या विवर्तनामुळे सर्वच चित्र मऊ पडते. म्हणून केंद्र थोडे थोडे सरकवीत अनेक छायाचित्रे घेतात व प्रत्येकातील स्पष्ट भाग संगणकाच्या साहाय्याने एकत्र करतात. कीटक हलता कामा नये. त्यामुळे संग्रहातील नमुने किंवा पहाटेच्या थंडीने निश्चल झालेले कीटक निवडतात. एकमेकांवर आलेले पाय आणि मिशांवरील केस यांच्या कडांशी जुळवणी चटकन उघडी पडते. लिव्हन बिस यांनी ऑक्सफर्ड येथील संग्रहालयातील नमुन्यांची जी चित्रे २०१६ मध्ये प्रदर्शित केली, त्यांतील एकेका चित्रासाठी आठ हजारांहून अधिक छायाचित्रे लागली होती. तरीही चित्रातील कीटक एकच असतो.

अवस्था जुळविलेल्या चित्राचे तसे नाही. बुलढाणा जिल्हा वऱ्हाडच्या कापूसपट्ट्यात मोडतो व खामगाव ही तेथील जुनी बाजारपेठ होय. शेंदरी बोंडअळीने २०१७ च्या हंगामात विदर्भातील कापसाची मोठी हानी केली. अशा किडींच्या माहितीफलकांवर अंडे, अळी, कोष आणि पतंग शेजारीशेजारी, जवळजवळ सारख्याच आकाराचे छापले, तर पाहणाऱ्याचा घोटाळा होतो. शेंदरी बोंडअळी पूर्ण वाढल्यावरही सुमारे १० ते १२ मिमी. असते, तर अमेरिकन बोंडअळी ३५ ते ४० मिमी.पर्यंत वाढते. शिवाय शेंदरी अळी लहानपणी पांढुरकी असते, गुलाबी रंग नंतर येतो. फलकावर केवळ गुलाबी अळी असेल, तर शेतकरी पांढरी अळी निरुपद्रवी समजून सोडून देतो. अळी बोंडात शिरल्यावर छिद्र बुजते. म्हणून बाहेरून ओळखण्यास डोमकळी ही महत्त्वाची खूण ठरते. पानावर विसावलेली शेंदरी अळी दाखविणारे चित्र कितीही बेमालूम असले, तरी शोधणाऱ्यास ते चुकीच्या जागी पाठविते.

पतंगाच्या चित्राचे महत्त्व निराळे. कामगंध सापळ्यांत सलग तीन दिवस प्रत्येकी ८ ते १० पतंग सापडल्यास कीडनियंत्रणाचे उपाय योजण्याची शिफारस आहे. करड्या तपकिरी रंगाचा हा लहान पतंग मोजपट्टीसह आणि पंख मिटलेल्या स्थितीत दाखविलेला असल्यास मोजणी करणारा सापळ्यातील इतर पतंगांशी त्याची गल्लत करीत नाही.