विद्युत्पटाची कल्हई

तांब्याच्या भांड्यास कल्हई कां करावी लागते, हें मराठी घरांत कोणास शिकवावें लागत नाहीं. उघडें तांबें हवेनें काळवंडतें, आंबट पदार्थ त्यांत ठेवला कीं तो कळकतो. म्हणून कल्हईवाला भांडें तापवितो, नवसागरानें त्याचा मळ काढतो आणि वितळलेलें कथील कापसाच्या बोळ्यानें आंतून पसरतो. रेडिओ, दूरध्वनि, गणकयंत्र यांच्या पोटांत तांब्याच्या रेषा असलेला जो छापील विद्युत्पट असतो, त्याचीहि अडचण हीच आहे. तांबें मळलें कीं त्यास डाख धरत नाहीं, आणि डाख धरला नाहीं कीं सांधा कच्चा राहतो. ही अडचण दूर करणाऱ्या यंत्रांचा इतिहास थोड्याच वर्षांचा आहे. परंतु त्यांत बोध पुष्कळ आहे.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत रेडिओच्या पेटींतील एकेक तार कामगार हातानें वळवून तिचीं टोकें झाळीत असत. काम नाजूक, वेळ फार, आणि शेंकडों सांध्यांतील एक जरी कच्चा राहिला तरी सारें यंत्र मुकें! पाउल आइस्लर या तरुण एंजिनियरानें ह्या तारांनाच फांटा दिला. त्याचा जन्म १९०७ सालीं व्हिएन्ना येथें झाला. १९३६ सालीं तो इंग्लंडांत आला. पुस्तक छापतात तसे विजेचे मार्गहि छापतां येतील, अशी त्याची कल्पना होती. वीज न वाहणाऱ्या फळीवर तांब्याचा पातळ पत्रा चिकटवावयाचा, राखावयाच्या रेषा त्यावर शाईनें छापावयाच्या आणि उरलेलें तांबें रासायनिक द्रावणांत विरघळवून टाकावयाचें. युद्ध सुरू झाल्यावर शत्रुदेशाचा नागरिक म्हणून इंग्रज सरकारनें ह्याच आश्रिताला स्थानबद्ध केलें. सुटकेनंतर लंडनमधील एका छापखान्याच्या आश्रयानें त्यानें काम पुन्हां हातीं घेतलें आणि १९४३ सालीं पेटंटासाठीं अर्ज केला.

रेषा छापल्या गेल्या; परंतु त्यांवर बसवावयाचे भाग हातानेंच झाळावे लागत. १९४९ सालीं अमेरिकन सैन्याच्या सिग्नल विभागांतील मो अब्रामसन आणि स्टॅनिस्लॉस डँको यांनीं ह्यावर उपाय काढला. भागांच्या तारा पटाच्या भोंकांतून ओंवावयाच्या आणि पटाची खालची बाजू वितळलेल्या डाखांत बुडवावयाची. सारे सांधे एकदम जुळत. मात्र स्थिर डाखाच्या पृष्ठावर मळी सांचते आणि सपाट पटाखालीं वाफ कोंडून कांहीं सांधे कोरडे राहतात. १९५६ सालीं फ्राय्ज मेटल ह्या इंग्रज कारखान्यानें लाटेचें यंत्र पुढें आणलें. त्यांत पंपानें डाखाची लाट उठवितात आणि सरकत्या साखळीवरून येणारा पट तिच्या माथ्यास तेवढा स्पर्श करून जातो. लाट क्षणोक्षणीं नवी असल्यानें मळी मागें सरते व वाफेस वाट मिळते. नवसागराचें काम येथें राळ करते.

डाख कशाचा, हेंहि पाहण्यासारखें आहे. निव्वळ कथील २३२ अंश सेंटिग्रेडवर वितळतें, शिसें ३२७ अंशांवर. पण ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसें एकत्र केलें तर मिश्रण १८३ अंशांवरच वितळतें. शिवाय मधली लगद्याची अवस्था न येतां तें एकदम पातळ होतें व एकदम गोठतें. झाळकामास याहून सोयीचें मिश्रण क्वचितच सांपडेल.

आतां मुख्य प्रश्न राहिला. पट एका कारखान्यांत तयार होतो आणि भाग बसविण्यासाठीं कित्येक महिन्यांनीं दुसऱ्या कारखान्यांत जातो. मधल्या काळांत तांबें मळूं नये म्हणून त्यावर आधींच डाखाचा लेप हवा. कोणी डाखानें माखलेल्या रुळांमधून पट फिरवीत. कोणी विजेच्या साहाय्यानें कथील-शिशाचा मुलामा चढवीत. मुलाम्याच्या रीतींत एक दोष निघाला. सर्व रेषांवर डाख, आणि त्यावर संरक्षक रंगाचें आवरण. असा पट लाटेवरून नेला कीं आवरणाखालचा डाखहि वितळे आणि आवरणास सुरकुत्या पडत. म्हणून क्रम उलटला: आवरण थेट तांब्यावर द्यावयाचें आणि झाळावयाच्या जागा तेवढ्या उघड्या ठेवून त्यांसच डाख लावावयाचा.

हेंच काम गरम हवेच्या यंत्रानें साधलें आणि १९७० नंतरच्या दशकांत तें रूढ झालें. रसायनांनीं स्वच्छ केलेला पट वितळलेल्या डाखाच्या कुंडांत कांहीं सेकंद बुडवितात. वर काढतांना दोन्ही बाजूंच्या अरुंद फटींतून तप्त हवेचा जोरदार झोत त्यावर सोडतात. त्या झोतानें जादा डाख निपटून निघतो, भोंकें मोकळीं होतात आणि तांब्यावर चकचकीत पातळ लेप उरतो. कल्हईवाल्याचा बोळा हवेच्या हातीं गेला, इतकेंच!

परंतु सोयीच्या त्या मिश्रणांत शिसें होतें. शिसें विषारी आहे. लहान मुलांच्या मज्जासंस्थेस तें विशेष घातक. भांड्याच्या कल्हईंत शिशाची भेसळ निंद्य मानली जाते, ती याच कारणानें. टाकाऊ यंत्रांचे ढीग वाढूं लागले, तेव्हां युरोपीय संघानें १ जुलै २००६ पासून बहुतेक विद्युत्-यंत्रांतील शिशावर बंधन घातलें. भारतांतहि ई-कचऱ्यासंबंधींच्या २०११ च्या नियमांनीं त्याचें प्रमाण ०.१ टक्क्यावर आणून ठेवलें.

शिसें गेलें आणि दुसरी पीडा वर आली. निव्वळ कथिलाच्या मुलाम्यांतून कालांतरानें केंसासारखे सूक्ष्म तंतु आपोआप वाढतात आणि शेजारच्या रेषेस टेंकले कीं वीज भलत्या वाटेनें जाते. थोडें शिसें घातल्यानें ही वाढ खुंटते, हें बेल प्रयोगशाळेनें गेल्या शतकाच्या सहाव्या दशकांतच दाखविलें होतें. १९९८ सालीं ‘गॅलक्सी ४’ हा उपग्रह निकामी झाला आणि अमेरिकेंतील बहुतेक पेजर बंद पडले. त्यावेळीं दोष ह्याच तंतूंकडे गेला. आतां लेपाच्या कुंडांत कथील, थोडें तांबें आणि किंचित् निकेल असें मिश्रण वापरतात. तें सुमारें २२७ अंशांवर वितळतें; म्हणजे पटास अधिक ताप सोसावा लागतो आणि पटावरील तांबेंहि अधिक विरघळतें. फार बारीक भागांसाठीं तर हा लेप पुरेसा सपाट नसतो. तेथें निकेलवर सोन्याचा मुलामा देतात.

यंत्र सोयीचें असलें म्हणजे प्रश्न मिटला असें होत नाहीं. आइस्लरनें तार वांचविली, लाटेनें हात वांचविला, हवेच्या झोतानें डाख वांचविला. आणि ज्या शिशानें हें सारें सुलभ केलें, त्याचा हिशेब कचऱ्याच्या ढिगाशीं बसलेल्या मुलांच्या रक्तांत निघाला. चांगल्या सांध्याची किंमत कोणीं भरावयाची, हा प्रश्न शास्त्राइतकाच नीतीचाहि आहे. शिशावाचून निर्दोष लेप देणाऱ्या मिश्रणाचा शोध अजून चालू आहे, आणि तो चालू राहणें इष्टच आहे.