दुःखाचें माप

ज्वर किती अंश चढला हें पारा सांगतो; परंतु मन किती खचलें आहे हें सांगणारें साधन मनुष्याला फार काळ सांपडलें नव्हतें. रोग्याची चर्या, त्याची झोंप व अन्नावरची वासना पाहून वैद्यानें काय तो अंदाज बांधावा, असाच रिवाज होता. अलीकडे अमेरिकेंतील कांहीं विद्वानांनीं संगणकाच्या साहाय्यानें दहाबारा प्रश्नांत विषण्णतेचें, ज्या विकारास डॉक्टर डिप्रेशन म्हणतात त्याचें, मान काढण्याची पद्धति सिद्ध केली आहे. आत्महत्येच्या विचाराचाही ठाव ती घेऊं पाहते. तिचा पूर्ववृत्तान्त शतकाहून जुना असून बोधप्रद आहे.

या पद्धतीचें बीज पॅरिस येथें आढळतें. १९०५ सालीं आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमाँ यांनीं मंदबुद्धि मुलें ओळखण्यासाठीं एक प्रश्नमालिका तयार केली व १९०८ सालीं ती वयोमानानुसार लावली. परीक्षकानें मुलाच्या वयाला साजेसे प्रश्न प्रथम विचारावे. उत्तरें बरोबर आलीं तर वरच्या वयाचे, चुकलीं तर खालच्या वयाचे घ्यावे. पुढचा प्रश्न मागच्या उत्तरानें ठरे. परीक्षक व मूल समोरासमोर बसत, म्हणूनच हें साधे. पहिल्या महायुद्धांत मात्र हजारों शिपायांची परीक्षा एकदम घेण्याची गरज पडली, आणि सर्वांना तेच छापील प्रश्न देण्याची चाल पडली. त्याच वेळीं रॉबर्ट वुडवर्थ यानें मनानें दुर्बल असलेले शिपाई निवडण्यासाठीं ११६ प्रश्नांची यादी रचली. ती वापरांत येण्यापूर्वींच युद्ध संपलें. तथापि मनोविकारांच्या पुढील प्रश्नावल्यांची ती पूर्वजच होय.

पुढें १९६० सालीं इंग्लंडांत लीड्स येथें मॅक्स हॅमिल्टन यानें विषण्णतेचें एक कोष्टक प्रसिद्ध केलें. तें डॉक्टरानें भरावयाचें असे. १९६१ सालीं फिलाडेल्फियाच्या आरन बेक यानें २१ कलमांची यादी काढली. ती रोग्यानेंच भरावयाची होती. २००१ सालची नऊ प्रश्नांची यादी तर आज जगभर चालते. या सर्वांत एक उणीव राहिली. ज्याला किंचित् उदास वाटतें व ज्याला अंथरुणांतून उठणेंही जड जातें, त्या दोघांना प्रश्न तेच. शिवाय झोंप न लागणें व मरण बरें वाटणें, दोहोंचे गुण एकाच मापानें मोजून बेरीज करावयाची.

ही उणीव गणितानें दूर केली. डेन्मार्कच्या गेओर्ग राश यानें १९६० सालीं व अमेरिकेच्या फ्रेडरिक लॉर्ड यानें त्याच सुमारास असें दाखविलें कीं, प्रत्येक प्रश्नाला स्वतःचें वजन असतें व तें वजन आणि उत्तर देणाऱ्याची अवस्था हीं एकाच पट्टीवर मांडतां येतात. वाणी जिन्नस जोखतांना दुकानांतलीं सगळीं वजनें पारड्यांत टाकून पाहत नाहीं. एक टाकतो, पारड्याचा कल पाहतो, आणि त्याप्रमाणें मोठें किंवा लहान वजन उचलतो. कांटा स्थिरावला म्हणजे थांबतो. संगणकही हेंच करतो. मिनेसोटा विद्यापीठांत डेव्हिड वाइस यानें १९७० नंतरच्या दशकांत हें काम पुढें नेलें, आणि १९९४ पासून अमेरिकेंत परिचारिकांची परवान्याची परीक्षाही याच रीतीनें होऊं लागली.

परंतु दुःख हें गणितांतल्या प्रावीण्यासारखें एकपदरी नाहीं. निद्रानाश, निराशा, अपराधाची भावना असे त्याचे अनेक पदर असतात. एक समाईक धागा व त्याभोंवतीं निरनिराळे पदर, अशी मांडणी होल्झिंगर व स्वाइनफर्ड यांनीं १९३७ सालींच केली होती. रॉबर्ट गिबन्स यानें तिच्या आधारें २०१२ सालीं ३८९ प्रश्नांचा संग्रह सिद्ध केला. त्यांतील सरासरी १२ प्रश्न विचारले असतां सर्व प्रश्नांइतकेंच विश्वसनीय असें मान बहुतांशीं मिळतें. २०१७ सालीं आत्महत्येच्या विचारासाठीं १११ प्रश्नांचा संग्रह झाला. त्यांतले सरासरी १० पुरतात.

येथें एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. आजचें दुःख मोजणें निराळें व उद्यांचें कृत्य सांगणें निराळें. विस्कॉन्सिन येथें १९७३ सालींच संगणकानें आत्महत्येच्या धोक्याविषयीं रोग्यांच्या मुलाखती घेतल्या होत्या, व यंत्रापुढें मन मोकळें करणें अनेकांना सोपें वाटलें. उलट ॲलेक्स पोकॉर्नी यानें ४,८०० रोग्यांचा कित्येक वर्षें मागोवा घेऊन १९८३ सालीं निष्कर्ष मांडला. त्यांपैकीं ६७ जणांनीं आत्महत्या केली होती. परंतु आगाऊ खूण करून त्यांना निवडूं जातां निम्म्याच्या आसपास निसटले, आणि ज्यांनीं तसें कांहीं केलें नाहीं अशीं शेंकडों नांवें यादींत आलीं. जी घटना हजारांत थोड्यांच्याच वांट्यास येते, तिचें भाकीत बहुधा असेंच फसतें. म्हणून कमी गुण आले एवढ्यानें कोणीं निर्धास्त होऊं नये, व अधिक आले म्हणून कोणावर शिक्काही मारूं नये.

माप कितीही सूक्ष्म असलें तरी उत्तर खरें हवें, आणि आपल्या देशांत खरें उत्तर देण्याआड कायदाच उभा होता. १८६० च्या दंडसंहितेच्या ३०९ व्या कलमानें आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरला होता. मुंबई उच्च न्यायालयानें १९८६ सालीं तें कलम घटनाबाह्य ठरविलें. सर्वोच्च न्यायालयानें १९९४ सालीं तोच कौल दिला, परंतु १९९६ सालीं तो फिरविला. तोंपर्यंत व त्यानंतरही ‘पूर्वीं असा प्रयत्न केला होतां काय?’ या प्रश्नाला होकार देणें म्हणजे गुन्ह्याची कबुली देणें होतें. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें असा मनुष्य तीव्र ताणाखालीं होता असें गृहीत धरण्यास सांगितलें, आणि १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेंत तें जुनें कलम उरलें नाहीं.

दुसरी अडचण भाषेची आहे. ‘करमत नाहीं’, ‘मन लागत नाहीं’, ‘जीव नकोसा झाला’ या बोलांतील दुःखाच्या पायऱ्या मराठी माणूसच जाणतो. परकी प्रश्नावली भाषांतरित केल्यानें शब्द येतात, त्यांचीं वजनें येत नाहींत. तीं मराठी माणसांच्या उत्तरांवरूनच नव्यानें ठरविलीं पाहिजेत.

असा प्रश्न विचारल्यानेंच तो विचार मनांत शिरेल, ही भीति घरोघर आहे. न्यूयॉर्क राज्यांतील शाळकरी मुलांवर २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत तसें आढळलें नाहीं; आधींच दुःखी असलेल्या मुलांनाही त्या प्रश्नानें अपाय झाला नाहीं. तेव्हां घरांतलें माणूस अबोल झालें, तर यंत्राची वाट न पाहतां आपणच जवळ बसून विचारावें, उत्तर न रागावतां ऐकावें, व डॉक्टरांकडे घेऊन जावें. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र चालते. प्रश्न कोणता विचारावा हें गणित सांगूं शकेल. उत्तर ऐकून घेण्याचें काम मात्र आपलेंच आहे.