'उचल्या' : एका शिवीची वंशावळ

मुखेडच्या बाजारात एखाद्या पोराने दुकानदाराची नजर चुकवून गुळाचा खडा खिशात टाकला, तर 'उचल्या कुठला!' हा उद्गार सहज कानी पडतो. तो काढणाऱ्याच्या मनात बहुधा कोणतीही जात नसते. शब्दाचे मूळही रोजच्या वापरातले : उचलणे. ऊसतोडीला जाणारा मजूर मुकादमाकडून आगाऊ रक्कम घेतो, तिलाही आमच्याकडे 'उचल'च म्हणतात. तेव्हा 'उचल्या' हे निव्वळ कृतीचे वर्णन आहे, असे वाटणे स्वाभाविक होय. परंतु वस्तुस्थिती इतकी निरागस नाही. हा शब्द शिवी आहे, तसेच ते एका समाजाचे नावही आहे.

महाराष्ट्र शासनाच्या यादीत १४ विमुक्त जाती आहेत. त्यांपैकी 'भामटा' या जातीच्या पोटात भामटी, गिरणी वडार, कामाटी, पाथरूट, टकारी, उचले, घंटीचोर अशी नावे येतात. प्रदेश बदलला की लोकांना हाक मारण्याचा शब्द बदलतो, त्याची ही जणू सूचीच आहे. ही नावे आम्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा त्यांचे सरळ दोन गट पडले. टकारी, पाथरूट, गिरणी वडार ही नावे दगडाशी निगडित आहेत. 'कामाटी'त मजुरी आहे. उचले, घंटीचोर या नावांत मात्र आरोप आहे. पहिल्या गटातली नावे हात काय करतात हे सांगतात. दुसऱ्या गटातली, त्या हातांविषयी इतरांना काय वाटते हे सांगतात.

टकारी हा टाकीचा धनी. जात्याची पाळ गुळगुळीत झाली की तिला पुन्हा टाकी लावावी लागे आणि त्या कामासाठी हे लोक गावोगाव हिंडत. पुढे पिठाची गिरणी आली, जाते अडगळीत गेले आणि त्याबरोबर टाकीचे कामही गेले. गावात घर नाही, शिवारात जमीन नाही, अशा फिरत्या माणसावर संशय घेणे गावाला नेहमीच सोपे असते.

या संशयाला कायद्याचे रूप दिले ते इंग्रजांनी. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्म हाच पुरावा मानला. हा कायदा आरंभी उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ मध्ये त्याची व्याप्ती वाढली. नोंद, हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडण्यास मनाई आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातल्या वसाहती हे त्याचे व्यवहारातले रूप. तेथल्या त्या वस्तीला 'सेटलमेंट' हे नाव पडले, तेही टिकून राहिले. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. लातूर-नांदेडचा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तो ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हता. तरीही लातूर तालुक्यातल्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड आपले आत्मकथन लिहू लागतात, तेव्हा पोलिसांचा ससेमिरा त्यांच्या बालपणाला चिकटलेलाच आढळतो. कलंकाला सरहद्द अडवत नाही आणि कायदा रद्द झाल्याने तो पुसलाही जात नाही, असाच याचा अर्थ आम्ही लावतो.

'भामटा' या शब्दाचा प्रवास अधिक दूरचा. आज तो ठकसेनाला समानार्थी झाला आहे. 'भामट्याने दागिने लांबविले' हा मथळा लिहिणाऱ्या उपसंपादकाला, आपण एका जातीचे नाव छापत आहोत, याची जाणीवही नसते. 'बेरड'ची गोष्ट निराळी. पश्चिम महाराष्ट्रात 'बेरड' म्हणजे निर्ढावलेला, कोडगा. सुरपूरकडे मात्र बेरड नायकांची सत्ता होती. १७०५ मध्ये वाकिनखेड्याचा त्यांचा किल्ला घेण्यासाठी औरंगजेबाला स्वतः वेढा घालावा लागला. एकाच नावाला एका मुलखात इतिहास आहे, तर दुसऱ्या मुलखात केवळ हेटाळणी.

ही रीत केवळ मराठीची नाही. 'ठग' हा आपला शब्द इंग्रजीने उचलला आणि तो तिकडे कोणत्याही गुंडासाठी वापरात आला. इंग्लंडात जिप्सी व इतर भटक्यांना 'पायकी' म्हणून हिणवतात. त्या शब्दाचे मूळ टर्नपाइकमध्ये, म्हणजे टोल घेणाऱ्या जुन्या रस्त्यांत, असल्याचे मानले जाते. रस्त्यावर राहणाऱ्याला रस्त्याचेच नाव मिळाले आणि पुढे त्याचीच शिवी झाली.

म्हणूनच १९८७ साली गायकवाडांनी पुस्तकाला 'उचल्या' हे नाव दिले, याचे मोल मोठे आहे. 'टकारी' किंवा 'पाथरूट' हे सभ्य नाव त्यांना उपलब्ध होते. त्यांनी शिवीच निवडली आणि वाचकाला ती ग्रंथालयात मोठ्याने उच्चारावयास लावली. १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कारही याच नावावर नोंदला गेला. लक्ष्मण माने यांचे 'उपरा', शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी', भीमराव गस्ती यांचे 'बेरड' ही शीर्षके एकत्र वाचली, म्हणजे समाजाने दिलेल्या शिव्यांचा एक कोशच त्या समाजाच्या हातात परत आलेला दिसतो.

मग हा शब्द पुसून टाकावा काय? यादीतून तो गेला, तर पर्यायी नाव येईपर्यंत सवलतीचा आधारच जाईल. शब्दकोशातून गेला, तर पुरावा जाईल. आमच्या मते प्रश्न वापराचा आहे. वर्गात 'उचल्या' शिकविताना, ज्याच्या जातीच्या दाखल्यावर हेच नाव आहे असा विद्यार्थी समोरच्या बाकावर बसलेला असू शकतो. पुस्तकाचे शीर्षक म्हणून तो शब्द फळ्यावर लिहिणारे आम्ही, तासानंतर खडू चोरणाऱ्या पोराला कोणत्या शब्दाने हाक मारतो, हे आम्हीच आधी तपासले पाहिजे.