तंजावरची रुग्णवही आणि डॅक्सहुंडचा कणा



मागच्या भागांत आपण तंजावरच्या भोसल्यांचे किल्ले, लढाया आणि कंपनी सरकारशी झालेले तह पाहिले. आज विषय जरा वेगळा आहे. रोग होण्याआधी जनावराची तपासणी करायची, ती लिहून ठेवायची आणि त्या नोंदीवरून पुढची पैदास ठरवायची, ही शिस्त. आणि उदाहरण घेणार आहे ते आखूड पायांच्या, लांब पाठीच्या डॅक्सहुंड कुत्र्याचं. इतिहासाच्या मालिकेत कुत्रा कुठून आला, असं वाटेल. पण शेवटपर्यंत ऐका.

मी पायदळातला माणूस. फौजेत दरवर्षी प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी होते. माणूस ठणठणीत दिसला तरी होते. कारण 'दिसतो ठणठणीत' आणि 'आहे ठणठणीत' यांत फरक असतो, आणि तो फरक मोहिमेवर कळला तर फार उशीर झालेला असतो.

ही समज आपल्याकडे इंग्रजांनी आणली असं नाही. 1670 च्या दशकातलं शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण आत्ताच उधळलात, तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असं होईल, असा त्याचा आशय. रात्री दिवा जळता ठेवू नका, गवताला आग लागेल, हेही त्यात आहे. बघा, घोडं आजारी पडल्यावर काय करायचं हा त्या पत्राचा विषयच नाही. ते पडू नये म्हणून आज काय करायचं, आणि नाही केलं तर जबाबदार कोण, एवढंच त्यात आहे.

त्याच दशकात महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावरला मराठ्यांची गादी स्थापन केली. पुढे त्या गादीवर 1798 मध्ये आले दुसरे सरफोजीराजे. जन्म 1777 चा, तुळजाराजांनी दत्तक घेतलेले, श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीत शिकलेले. 1799 च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजांकडे उरला तंजावरचा किल्ला, महसुलाचा पाचवा हिस्सा आणि वर्षाला एक लाख होन. तलवार म्यान झालेला राजा काय करतो? पुष्कळांनी अशा वेळी नाचगाण्यात दिवस काढले. सरफोजीराजांनी ग्रंथ जमवले, छापखाना काढला आणि धन्वंतरी महाल उभा केला.

धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक जाणणारे लोक एकत्र काम करत. माणसांसाठी औषधं होत, तशी जनावरांसाठीही होत. पण मला त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट औषध वाटत नाही, नोंद वाटते. सरस्वती महाल ग्रंथालयात डोळ्यांच्या रुग्णांच्या जुन्या नोंदी मिळाल्या आहेत. चेन्नईच्या शंकर नेत्रालयाच्या डॉक्टरांनी त्यांचा अभ्यास केला. रुग्ण कोण, त्रास काय, उपचार काय केला, पुढे काय झालं, हे दोनशे वर्षांपूर्वी तंजावरात लिहून ठेवलं जात होतं. स्मरणशक्ती फक्त यश लक्षात ठेवते. वही अपयशही ठेवते, म्हणून पुढचा वैद्य शहाणा होतो.

आता जनावरांकडे येऊ. याच ग्रंथालयात अश्वशास्त्र आणि गजशास्त्राच्या पोथ्या आहेत आणि ग्रंथालयाने त्या छापूनही काढल्या आहेत. सरफोजीराजे स्वतः घोड्याचे उत्तम पारखी होते. 1826 मध्ये बिशप हेबर तंजावरला आले, तेव्हा राजांच्या शास्त्रवाचनाइतकीच त्यांच्या या पारखीची त्यांनी तारीफ लिहून ठेवली.

पण खरं सांगायचं तर जुन्या अश्वपरीक्षेत दोन गोष्टी मिसळलेल्या होत्या. दात पाहून वय ओळखणं, खूर आणि चाल तपासणं, हे शास्त्र. अंगावरच्या भोवऱ्यांवरून मालकाचं नशीब सांगणं, ही समजूत. घोड्यांच्या बाजारात आजही कुणी देवमण शोधतो, कुणी आसूढाळ दिसला की सौदा मोडतो. त्यावर हसू नका. आज पिल्लू घेताना आपण रंग, कानांची लांबी आणि डोळ्यांचा भाव पाहतो. तेही भोवरे पाहणंच आहे. त्याच्या आईबापांच्या कण्याचा एक्स-रे कुणी मागतो का?

डॅक्सहुंड हे जर्मन नाव. 'डॅक्स' म्हणजे बॅजर, हा बिळात राहणारा चिवट प्राणी, आणि 'हुंड' म्हणजे कुत्रा. बिळात शिरून बॅजरला अडवायचं, भुंकून शिकाऱ्याला जागा दाखवायची, हे त्याचं काम. त्यासाठी पाय आखूड हवे होते, म्हणून माणसाने शेकडो वर्षं तसेच कुत्रे निवडले. 1888 मध्ये जर्मनीत या जातीची संघटना निघाली आणि वंशावळी व्यवस्थित लिहिल्या जाऊ लागल्या.

आखूड पायांची किंमत मात्र कण्याने मोजली. मणक्यांच्या मध्ये गादीसारख्या चकत्या असतात. त्या मऊ असतात म्हणून धक्का सोसतात. डॅक्सहुंडमध्ये त्या लहान वयातच कडक होतात, त्यांत चुना साचतो. मग एखाद्या दिवशी सोफ्यावरून उडी मारताना चकती फुटते आणि आतला भाग मज्जारज्जूवर दाबतो. मागचे पाय लुळे पडतात, कधी लघवीवरचा ताबा जातो. साधारण चार-पाच डॅक्सहुंडांत एकाला आयुष्यात कधीतरी हा त्रास होतो.

2017 मध्ये शास्त्रज्ञांनी याच्याशी जोडलेला जनुकातला बदल शोधला. तो कुत्र्याच्या 12 व्या गुणसूत्रावर आहे. पण अडचण अशी, की बहुतेक सगळ्या डॅक्सहुंडांत तो असतोच. त्यामुळे नुसत्या रक्ताच्या चाचणीने चांगला-वाईट निवडता येत नाही. म्हणून डेन्मार्क, फिनलंड, ब्रिटन अशा देशांत दुसरा मार्ग घेतला. कुत्रा दोन ते चार वर्षांचा असताना पूर्ण कण्याचा एक्स-रे काढायचा आणि चुना साचलेल्या चकत्या मोजायच्या. ब्रिटनच्या पद्धतीत एकही नसेल तर दर्जा 0, एक-दोन असतील तर 1, तीन-चारला 2, पाच किंवा जास्त असतील तर 3. पैदाशीसाठी कमी आकड्याचे कुत्रे घ्यायचे. हा गुण आईबापांकडून पिल्लांत उतरतो, म्हणून पिढ्यान् पिढ्या हे केलं तर आकडा खाली येतो.

डोळ्यांचं याच्या उलट आहे. डॅक्सहुंडांत, विशेषतः लहान आकाराच्या लांब केसांच्या प्रकारात, डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी करणारा एक आनुवंशिक दोष आहे. त्याचं जनुक 2006 मध्ये सापडलं आणि त्याची चाचणी होते. हा दोष दोन्ही बाजूंनी आला तरच धोका असतो. म्हणजे दोष वाहणारा कुत्रा बाद करायची गरज नाही, त्याची जोडी निर्दोष कुत्र्याशी लावली की पुरे. आणि एक नियम चाचणीशिवाय पाळता येतो: ठिपकेदार नर आणि ठिपकेदार मादी यांची जोडी कधीही लावू नये. त्यातून जन्मतः आंधळी किंवा बहिरी पिल्लं निघू शकतात. सुंदर रंगाच्या हौसेपायी हे आपल्याकडे आजही चालतं.

हा विषय घ्यायला एक फोन कारण झाला. तंजावरात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या एका मराठी कुटुंबातल्या आजींनी सांगितलं, "साहेब, आमचं कुत्रं पाच वर्षांचं, परवापर्यंत धावत होतं, आता मागचं अंग ओढतंय. विकणाऱ्याने कागद भरपूर दिले, पण तब्येतीचा एकही नाही." आजींचा प्रश्न एवढाच होता, की हे आधी कळलं असतं का? उत्तर असं, की अमुक दिवशी पाय जातील हे कुणीच सांगू शकत नाही. पण धोका किती आहे, हे कळू शकलं असतं.

तंजावरकरांना जवळच सोय आहे. ओरथनाडूला 2012 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. हे तेच ओरथनाडू, जिथे सरफोजीराजांनी मुक्तांबाळच्या नावाने छत्र बांधलं. राजांच्या छत्रांमध्ये वाटसरूंना अन्न मिळे, मुलांना शाळा असे आणि आजाराला, विषबाधेला वैद्य नेमलेले असत. त्याच गावात आज जनावरांचे डॉक्टर तयार होतात, हा मला इतिहासाचा सुंदर योग वाटतो.

घरच्यांनी करायचं ते थोडक्यात सांगतो. वजन आटोक्यात ठेवा. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. पलंग-सोफ्याला उतरती फळी लावा. गळपट्ट्याऐवजी छातीपट्टा वापरा. कावेरीच्या दमट मुलखात गोचीड बारा महिने असते, तिच्यापासून येणारा ताप जिवावर बेततो, म्हणून रोज अंगावर हात फिरवून पाहा. भातशेतीच्या साचलेल्या पाण्यातून लेप्टोचा धोका असतो, त्याची लस डॉक्टरांना विचारा. रेबीजची लस चुकवू नका. याच तमिळनाडूत कुन्नूरला 1907 पासून पाश्चर संस्था आहे, तरी हा रोग अजून माणसं मारतो आहे. आणि कुत्रा अचानक लडखडला, पाठ कमानीसारखी करून विव्हळला, तर उद्यावर टाकू नका. पाय लुळे पडल्यावर काही तासांतच फरक पडतो.

सगळ्यात शेवटी, एक वही करा. तारीख, वजन, लस, तपासणी, त्रास, आईबापांची माहिती. पिल्लं विकणार असाल तर तिची प्रत घेणाऱ्याला द्या. घेणार असाल तर ती मागा आणि नसेल तर सौदा सोडा. गिऱ्हाइकांनी मागितलं, की विकणारे आपोआप एक्स-रे काढू लागतील. राज्य हातातून गेलेल्या एका मराठी राजाने वही सोडली नव्हती. आपल्याकडे तर मोबाइलसुद्धा आहे.

पुढच्या भागात सरस्वती महालातल्या मोडी कागदांबद्दल बोलू. तोवर काळजी घ्या, आपली आणि मुक्या सोबत्यांची. जय हिंद.