शिर्माकरच्या मातीतील एक जीवाणू व त्याचे नामांतर

अहमदपूर तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात मोडत असे. विद्येचे मोठे ठिकाण म्हटले की इकडच्या जुन्या मंडळींस हैदराबादच आठवे. त्याच शहरातील पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्रातून १९९२ साली एका जीवाणूचे वर्णन प्रसिद्ध झाले. हा जीवाणू आपल्या काळ्या मातीतला नव्हे, तर अंटार्क्टिकाच्या मातीतला होता. एस. शिवाजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यास ‘स्फिंगोबॅक्टेरियम अंटार्क्टिकस’ असे नाव दिले. पुढील बावीस वर्षांत ह्या नावाचे जे झाले, ते आमच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम पाहण्याजोगे आहे. कारण नवी जाती सूक्ष्मदर्शकाखाली एकदा दिसली की सापडली, अशी समजूत अद्यापि दृढ आहे.

थंडीत वाढणाऱ्या जीवाणूंचा शोध तसा जुना. शून्य अंश तापमानात वाढणारे जीवाणू फोर्स्टर ह्याने १८८७ सालीच मासळीवरून मिळविले होते. १९०१ ते १९०३ च्या स्वीडिश मोहिमेतील वैद्य एकेलॉफ ह्याने अंटार्क्टिकाच्या मातीची जंतुशास्त्रीय तपासणी केली. परंतु कोणत्या जीवाणूस ‘शीतप्रिय’ म्हणावे ह्याविषयी दीर्घकाळ गोंधळ होता. १९७५ साली मोरिता ह्याने तो बराचसा निस्तरला. ज्याची उत्तम वाढ १५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानात होते व सुमारे २० अंशांपलीकडे जो वाढत नाही, तो शीतप्रिय. जो थंडीत वाढतो पण अधिक उबेतही सुखाने राहतो, तो शीतसह. हैदराबादच्या संशोधकांचा जीवाणू ह्या दुसऱ्या वर्गातला होय.

माती आली ती शिर्माकर मरूद्यानातून. सय्यद झहूर कासिम ह्यांच्या नेतृत्वाखालील पहिली भारतीय मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली व ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. शिर्माकर हा हिमतटापासून आत असलेला, सुमारे ३५ चौरस किलोमीटरचा बर्फमुक्त खडकाळ पट्टा. पुढे १९८९ साली ‘मैत्री’ हे स्थानक तेथेच उभे राहिले. मरूद्यान म्हटले म्हणून खजुरीची झाडे कोणी कल्पू नयेत! तेथे आहेत ती तळी, शेवाळ, दगडफूल आणि जीवाणू.

त्या काळी जनुकांचा अनुक्रम वाचणे आजच्याइतके सुलभ नव्हते. रंग, आकार, कोणती शर्करा पचते, कोणत्या तापमानात वाढ होते, पेशीतील मेदाम्ले कोणती, डीएनएमधील घटकांचे प्रमाण किती, अशा अनेक कसोट्यांवरून जाती ठरवीत. स्फिंगोलिपिड ह्या विशिष्ट मेदद्रव्यावरून तर ‘स्फिंगोबॅक्टेरियम’ ह्या प्रजातीसच नाव मिळाले आहे. दोन वाणांच्या डीएनएचा मेळ सुमारे ७० टक्के वा अधिक बसला तर ते एकाच जातीचे मानावे, हा संकेत १९८७ साली रूढ झाला.

नामकरणात प्रथम एक व्याकरणाची चूक निघाली. ‘बॅक्टेरियम’ हे नपुंसकलिंगी, तर ‘अंटार्क्टिकस’ पुल्लिंगी. म्हणून ‘अंटार्क्टिकम’ असा पाठ दुरुस्त झाला. पुढे १९९८ साली ‘पेडोबॅक्टर’, म्हणजे मातीतील जीवाणू, ही नवी प्रजाती स्थापिली गेली आणि स्फिंगोबॅक्टेरियमच्या काही जाती तिच्यात गेल्या. त्यांत ‘पिसियम’, अर्थात ‘माशांचा’, हीही एक होती. २०१४ साली फार्फान व सहकाऱ्यांनी पुन्हा तुलना केली, तेव्हा माशांच्या नावाचा हा जीवाणू व अंटार्क्टिकाचा जीवाणू एकच ठरले! १९९३ साली अधिकृत झालेले ‘पिसियम’ हे नाव मागे पडले, १९९२ चे टिकले. नवी प्रजाती पुल्लिंगी असल्यामुळे नाव झाले ‘पेडोबॅक्टर अंटार्क्टिकस’. म्हणजे जी चूक म्हणून दुरुस्त केली होती, तीच अक्षरे शुद्ध होऊन परत आली.

कोणी म्हणेल, ह्यात हैदराबादच्या संशोधकांचा पराभव झाला. मला तसे वाटत नाही. प्रजाती चुकली, पण जाती खरी निघाली. आणि हे तपासता आले ते मूळ वाण चंडीगढ व अमेरिका येथील संग्रहांत जिवंत जतन करून ठेवल्यामुळे. प्रस्तुत लेखकाने विद्यार्थिदशेत शेतातील मातीतून वेगळे केलेले काही संवर्ध एका मे महिन्यात वीज गेल्याने शीतपेटीत नासले. वहीत वर्णने उरली, परंतु त्यांवरून आज कोणासही काहीच पडताळता येणार नाही. जीवाणूंच्या नव्या जातीचे मूळ वाण दोन निरनिराळ्या देशांतील संग्रहांत ठेवावे, हा नियम २००१ पासून बंधनकारक आहे तो ह्याच कारणाने. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात २००९ साली असा मोठा संग्रह सुरू झाल्यापासून मराठी मुलखातील संशोधकांस ह्या कामी दूर जावे लागत नाही.

हैदराबादच्या त्याच गटाने २००४ साली आणखी एका जीवाणूस ‘आर्थ्रोबॅक्टर गंगोत्रिएन्सिस’ असे नाव दिले. ज्या ‘दक्षिण गंगोत्री’ स्थानकाचे हे नाव, ते तोवर बर्फात बुडून सोडून द्यावे लागले होते. २०१६ साली ही जातीही ‘पेनिग्लुटामिसिबॅक्टर’ नामक निराळ्या प्रजातीत गेली; ‘गंगोत्रिएन्सिस’ हे उपपद मात्र कायम राहिले.