दोन्ही गटांतले एक औषध

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या विंचूदंशावरील संशोधनाचा प्रभाव मोजायचा, तर प्रचलित रीत आहे ती त्यांचे लेख किती आणि ते कितीजणांनी आधाराला घेतले हे मोजण्याची. अडचण मोजणीच्या आधीच सुरू होते. जुन्या लेखांत लाल विंचू ‘ब्यूथस टॅम्युलस’ आहे, पुढे तो ‘मेसोब्यूथस’ होतो, आणि आता वर्गीकरणात त्याला ‘हॉटेन्टोटा’ म्हणतात. एकाच नावाने शोधले तर काही पुरावा निसटतो. म्हणून आकडा बाजूला ठेवून मूळ कागदच कालक्रमाने पाहू.

सुरुवात बावस्करांपासून होत नाही, हे आधी नोंदवायला हवे. विंचूदंशावर पी. एम. मुंडले यांचे टिपण १९६१ मध्येच ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले होते. बावस्करांचा इथे उपयोगी पडणारा पहिला कागद ६ मार्च १९८२ च्या ‘लॅन्सेट’मधला, पृष्ठे ५५२ ते ५५४. लेखक एकच. विषय औषधाचा नाही, ओळखीचा आहे: हृदयावर संकट येणार हे कोणत्या लक्षणांवरून आधीच कळते? उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय. तपासणीची साधने नसलेल्या ठिकाणी, रुग्णाच्या उशाशी बसून टिपता येईल असाच हा पुरावा आहे.

दुसरा कागद म्हणजे १ मार्च १९८६ चे, त्याच नियतकालिकातले पत्र. पृष्ठे ५१० आणि ५११. नावे आता दोन आहेत: हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी. औषध सुचवले आहे प्राझोसिन, जे तेव्हा रक्तदाबासाठी वापरात होते. विंचवाच्या विषाने शरीरात अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण पडतो, फुप्फुसांत पाणी भरते. प्राझोसिन नेमकी ती आवळण रोखते. स्वस्त गोळी, तोंडावाटे देता येणारी. हे पत्र खेड्यापाड्यांत झिरपले ते या सोपेपणामुळे असावे. हा माझा तर्क आहे, कागदात तसे लिहिलेले नाही.

प्राझोसिन आल्यावर मृत्यू झपाट्याने घटले, असे बावस्कर दांपत्याच्या नंतरच्या लेखनात पुनःपुन्हा येते. ते खोटे मानण्याचे कारण नाही. तरी ही आधीच्या आणि नंतरच्या काळाची तुलना आहे. त्याच वर्षांत रस्ते सुधारले असतील, रुग्ण लवकर पोहोचू लागले असतील, डॉक्टरांची नजर तयार झाली असेल. यातले श्रेय एकट्या गोळीला किती, हे अशा तुलनेतून वेगळे काढता येत नाही. त्यासाठी हवी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गट पाडून केलेली चाचणी.

तशी एक चाचणी सापडते ती जानेवारी २०११ मध्ये, ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये. पत्रानंतर जवळजवळ २५ वर्षांनी. रुग्ण ७०. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते एका गटात ३५ पैकी ३२, दुसऱ्यात ३५ पैकी ८. इतकी तफावत क्वचित दिसते. मात्र कोणाला कोणते औषध दिले हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही ठाऊक होते, ही मर्यादा शीर्षकातच नमूद आहे.

आता गटांची रचना पुन्हा वाचा. पहिल्याला विंचूविषावरची प्रतिलस आणि प्राझोसिन, दुसऱ्याला नुसते प्राझोसिन. म्हणजे फरक सिद्ध झाला तो प्रतिलशीचा. १९८६ च्या औषधाची परीक्षा इथे झालीच नाही! ज्या चाचणीतून प्राझोसिनचा पुरावा मिळेल अशी अपेक्षा होती, तिने तो दिला नाही. पण तिने दुसरे काही दिले. प्राझोसिन कोणत्याच गटाकडून काढून घेतलेले नाही. ते न देणे मान्य होण्यासारखे राहिले नव्हते, असा निष्कर्ष मी काढतो. माझ्या मते, त्या दोन पानी पत्राचा खरा स्वीकार तळटीपांपेक्षा या रचनेत अधिक स्पष्ट दिसतो.

अर्थात २०११ ची चाचणी बावस्करांचीच. स्वतःच्या औषधाला स्वतःच पायाभूत मानण्याला साक्ष म्हणून वजन कमीच. त्यामुळे २०१४ चा ‘आर्काइव्हज ऑफ डिसीज इन चाइल्डहुड’मधला लेख मोलाचा ठरतो. चाचणी पुदुच्चेरीच्या ‘जिपमेर’ या वैद्यकीय संस्थेतली, रुग्ण ५० मुले, लेखकांत बावस्करांपैकी कोणी नाही. प्रश्न तोच, आणि प्रतिलशीच्या बाजूने उत्तरही तेच. प्राझोसिन तिथेही दोन्ही गटांना दिले होते.